झोपडी क्रमांक सात

होटगी रस्त्याला वस्ती विरळ झाली की
डाव्या हाताला कमान. सिमेंटचीच,
पण बांबूसारखी रंगवलेली, पेरंसुद्धा काढलेली.
मोठ्यांना ऐंशी, पोरांना चाळीस,
फोटो काढायचे तर वेगळे वीस.
खिडकीतल्या पोरानं मनगटावर शिक्का मारला,
जांभळा बैल.
ओवी म्हणाली, मला पण.

मे महिना. त्रेचाळीस.
आमची सगळी शाखा, कॅशियरच्या सासूबाईंसकट.
गाईड अंबादास, पायांत पांढरे बूट, कमरेला स्पीकर:
"सावलीत या की ओ सगळे!
एक नंबरला घिसाडी, भाता बघा.
दोनला वडार.
चारचा पारधी आज सुट्टीवर आहे,
तिथं पुतळा ठेवलाय."
लोक हसले. मीही हसले.
गर्दीत हसू उधार मिळतं.

"ही माणसं रात्री इथंच राहतात का हो?"
देशपांडे मॅडमनी विचारलं.
"छे छे, सहाच्या बसनं जातात."
"अरेरे," मॅडम म्हणाल्या.
त्या कशाबद्दल हळहळल्या,
मला अजून नीट कळलेलं नाही.

सात नंबर.
जमीन सारवलेली, कोपऱ्यात टेबलफॅन गोणपाटाखाली लपवलेला.
दारावर पाटी: कैकाडी. टोपल्या विणणारे.
त्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात,
त्यांवर चुना फासलेला.

आत तायव्वा. नाव छातीवरच्या पट्टीवर.
पाय पसरून, मांडीशी तरवडाच्या ओल्या फोका.
भराभर विणत काठापर्यंत येते, थांबते,
आणि सगळं उसवते.
पुढच्या लोकांना सुरुवात दाखवायची असते ना, अंबादास सांगतो.
दिवाळीपासून एकच टोपली चालू आहे.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ओवी तिच्याजवळ जाऊन बसलीसुद्धा.
तायव्वानं तिच्या हातात एक फोक दिली.
पोरगी खालून घालू पाहते, फोक निसटते,
पुन्हा खालून, पुन्हा निसटते,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"खालून नाही गं, वरून."

मराठीत नाही गेलं.

ज्या बोलीत गेलं, ती आमच्या घरी
खिडक्या लावून बोलत.
वडील मिलमधून आले, हातपाय धुतले,
की मग बोलत, हळू.
त्यांचे वडील तारेच्या आत जन्मले होते,
सेटलमेंटात, हजेरीच्या भोंग्यावर उठत होते.
मी आठवीत गेले तेव्हा वडिलांनी आडनाव बदललं
आणि बोलीही बंद केली,
नळ बंद करावा तशी.
वायसर मात्र जुनं होतं.

तायव्वाचे हात थांबले.
मान वर केली नाही तिनं.
त्याच बोलीत, फोकेशी बोलावं तसं विचारलं,
"कुणाची गं तू?"

"अय्या, तुम्हाला कानडी येतं?"
मागून देशपांडे मॅडम.
फॅन फिरत होता.
अठरा वर्षं एका टेबलावर डबा खातोय आम्ही.
"हो," मी म्हटलं. "थोडंथोडं."
आणि तायव्वाकडे बघायचं टाळून
ओवीच्या फ्रॉकवरचे तुकडे झटकले.

"कानडीच की ओ," तायव्वा म्हणाली,
मोठ्यानं, मराठीत, हसून.
"सोलापुरात काय, सगळ्यांनाच येतंय."
आणि टोपली उसवायला घेतली.

बाहेर पडताना वही होती, दोऱ्याला पेन बांधलेलं.
'आपला अनुभव लिहा.'
वरच्या पानांवर छान, अप्रतिम, मुलांना खूप आवडलं,
संस्कृती जपली पाहिजे,
चहा गार होता.
मी लिहिलं, पिण्याच्या पाण्याची सोय करावी.
सही केली. आडनावासकट, नव्या.

रात्री बैल निघेना.
साबण, खोबरेल, लिंबू.
ओवी म्हणाली, राहू दे ना, छान आहे.
तिनं झाडूच्या चार काड्या घेतल्या होत्या,
अंथरुणात बसून काहीतरी गुंफत होती.
"आई, त्या आजी काय म्हणत होत्या?"
काही नाही.
"बरं, मग वरून घालायचं की खालून?"

वरून, मी म्हटलं.
मराठीत म्हटलं.